एक घर, चार पाट्या

मुलांनो, मागच्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात पत्रलेखनाचा पाठ होता. नुसतं वहीत पत्र लिहून काय मजा? म्हणून मी पोस्टातून कार्डांचा गठ्ठाच आणला आणि वर्गात वाटला. म्हटलं, "प्रत्येकानं आपापल्या घरी एक पत्र लिहायचं. पत्ता मात्र कुणाला विचारायचा नाही. जसा ठाऊक असेल तसाच लिहायचा."

कार्डं गोळा झाली आणि मला हसू आवरेना. गाव एकच, पण नावं किती! बहुतेकांनी 'धुळे' लिहिलं होतं. ज्यांच्या घरी हिंदी बोलतात त्यांनी 'धुलिया' लिहिलं. एकानं तर सरळ 'धुये' लिहून टाकलं. त्याच्या घरी अहिराणी बोलतात, आणि अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो ना! डोळ्याचा डोया, केळीची केयी, जळगावचं जयगाव, तसं धुळ्याचं धुये. काहींनी पत्ता इंग्रजीत लिहिला, तर त्यातही दोन पक्ष. कुणाच्या देवपूरमध्ये 'व्ही' तर कुणाच्या देवपूरमध्ये 'ओ'. आणि आपल्या जुन्या धुळ्यातल्या गल्ल्यांना तर नावांऐवजी नंबरच आहेत. ती 'गल्ली नंबर ५' कुणी 'पाचवी गल्ली' म्हणून लिहिली, कुणी '५ नं. गल्ली' म्हणून.

सगळी कार्डं पोचली बरं का! एकसुद्धा हरवलं नाही.

याचं थोडं श्रेय पोस्टमनकाकांना, आणि थोडं पत्त्याखाली लिहिलेल्या सहा आकड्यांना. ४२४००१. हा पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो ज्यांनी रचला ते टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या महाराष्ट्रातले. संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी. त्यांना अडचण दिसली ती हीच. एका नावाची अनेक गावं, एका गावाची अनेक नावं, त्यात देशभर इतक्या भाषा आणि इतक्या लिप्या. मग गावाला काहीही म्हणा, पण आकडा एकच ठेवा. तुम्ही धुये लिहा की धुलिया लिहा, ४२४००१ म्हटलं की थैली आपल्याच गावात उतरणार.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सदर संगणकाचं आहे की पोस्टाचं? सांगते. पोस्टमनकाका माणूस आहेत. 'पाचवी गल्ली' आणि 'गल्ली नंबर ५' एकच हे त्यांना कळतं. संगणकाला ते कळत नाही. त्याच्या लेखी एका टिंबाचा, एका अक्षराचा फरक पडला की घरच दुसरं! हा धडा आमची शाळा कशी शिकली, ती हकिगत आज सांगायची आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही एक उपक्रम केला. मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून अहिराणी शब्द गोळा करायचे, त्यांचे अर्थ लिहायचे, जमलं तर आजीच्याच आवाजात तो शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायचा. आखाजीची सुट्टी लागून आली होती, माहेरवाशिणी घरी आलेल्या, झोके बांधलेले, गौराईची गाणी चाललेली. मुलांनी असे काही शब्द आणले की मी स्वतः खानदेशातली असून मला अर्धे नवे होते. एका मुलीनं एकटीनं तेवीस शब्द आणले, सगळे तिच्या आजीकडून. आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी इथपासून ते जात्याच्या एकेका भागाच्या नावापर्यंत. प्रत्येक शब्दामागे आजीचा आवाज. मधेच आजी हसते, मधेच कोंबडा आरवतो.

हे सगळं आम्ही शाळेच्या संकेतस्थळावर ठेवलं. संकेतस्थळ म्हणजे काय, एका कंपनीनं फुकट दिलेली जागा. नाव मोठं लांबलचक, त्यात आधी त्या कंपनीचं नाव, मग तिरपी रेघ, मग आमच्या शाळेचं. पण फुकट ते पौष्टिक! आम्ही तो पत्ता शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवून घेतला, प्रगतिपुस्तकावर छापला.

पुढं त्या मुलीचे वडील कामासाठी सुरतेला गेले. आपल्या खानदेशातली किती कुटुंबं तिकडं आहेत, तुम्हाला माहीतच आहे. मुलगी तिथल्या शाळेत जाऊ लागली. मधल्या काळात आजी वारली.

इकडं त्या कंपनीनं आपली फुकट सेवाच गुंडाळली. आम्ही वर्गणी काढून शाळेच्या नावाचा स्वतःचा पत्ता विकत घेतला. एका हौशी पालकांनी घाईघाईत नवं संकेतस्थळ उभं करून दिलं आणि आम्ही सगळे खूश. जुन्या जागेवरून काय काय आणायचं राहिलं हे कुणी नीट तपासलंच नाही.

आणि एके दिवशी सुरतेहून फोन. "बाई, आजीचं पान उघडत नाही. बाबांच्या फोनमध्ये होतं ते. शोधलं तरी सापडत नाही."

मी म्हटलं, थांब, बघते. बघितलं तर खरंच! आमचा एक जुना विद्यार्थी आता पुण्याला संगणकाचंच काम करतो, त्याला फोन लावला. पोरगा तसाच आहे, अजून 'बाई' म्हणतो आणि अजून चुका दाखवायला पुढं असतो. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला.

"बाई, दोन भानगडी आहेत. एक म्हणजे तुम्ही घर बदललं आणि पोस्टात कळवलंच नाही. दुसरी म्हणजे नव्या घराला चार पाट्या लावल्यात."

आधी चार पाट्यांचं सांगते, कारण ते तुम्हाला घरबसल्या करून बघता येईल.

समजा तुमच्या शाळेचा पत्ता 'माझीशाळा डॉट इन' असा आहे. तो तुम्ही नुसता तसाच टाईप करू शकता. पुढं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावून टाईप करू शकता. झाले दोन. आता या दोन्हींच्या आधी एचटीटीपी असतं किंवा एचटीटीपीएस असतं. त्यातला 'एस' म्हणजे सुरक्षित, वाटेत कुणाला आपली चिठ्ठी फोडून वाचता येत नाही असा. दोन दुणे चार! चारही पत्त्यांवर तेच पान उघडतं. बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं की, कुठूनही आलं तरी घर एकच. पण संगणकाच्या नियमानं हे चार वेगवेगळे पत्ते आहेत. चारही ठिकाणी चार वेगळी पानं ठेवली तरी चालतील, इतके वेगळे.

तुम्ही म्हणाल, असेनात का! सापडल्याशी कारण. पण खरी गंमत त्या सापडण्यातच आहे.

गूगलसारखं शोधयंत्र आपण विचारल्यावर जगभर धावत सुटत नाही. त्याचं काम आधीच झालेलं असतं. त्याचा एक न थकणारा नोकर असतो, त्याला आपण कोळी म्हणू. हा कोळी एका पानावरून दुव्याला धरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्या, असा फिरत असतो आणि दिसेल त्याची नोंद एका प्रचंड सूचीत करत असतो. आपण शब्द टाकला की यंत्र त्या सूचीत बघतं. आता एका शब्दाला हजारो पानं सापडली तर वर कुणाला ठेवायचं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी १९९०च्या दशकात याला एक साधी तोड काढली. एखाद्या पानाकडे दुसऱ्या कुणी दुवा दिला असेल तर ती त्या पानाची शिफारस समजायची. ज्याला शिफारशी जास्त, आणि त्याही वजनदार माणसांच्या, तो वर. यातूनच १९९८ साली गूगल कंपनी निघाली. आज यंत्र आणखी खूप गोष्टी बघतं, पण शिफारशीला अजून किंमत आहे.

आता आमच्या शाळेचं बघा. एका शिक्षक मित्रानं आपल्या पानावर आमचा दुवा दिला, तो डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यूवाला. दुसऱ्यानं दिला तो बिनडब्ल्यूचा. तिसऱ्यानं जुना एचटीटीपी. म्हणजे वर्गात मॉनिटरची निवडणूक आहे आणि एकाच मुलाला काहींनी त्याच्या नावानं, काहींनी आडनावानं, काहींनी 'बबल्या' या लाडक्या नावानं मत दिलं. मोजणाऱ्याला ओळख पटली नाही तर एकाच मुलाची मतं तीन ठिकाणी वाटली जाणार.

इथं एक गैरसमज काढून टाकते. कुणी कुणी सांगतात की एकच पान दोन पत्त्यांवर दिसलं की गूगल शिक्षा करतं. तसं काही नाही. ते यंत्र सहसा अशी सारखी पानं ओळखून त्यांची एक जुडी बांधतं आणि त्यातला एक पत्ता 'हा खरा' म्हणून स्वतःच निवडतं. पण ते कुठला निवडेल हे आपल्या हाती राहत नाही. आमच्याबाबतीत त्यानं नेमका जुना, एस नसलेला पत्ता निवडला होता. शिवाय कोळ्याला एकाच घराच्या चार फेऱ्या. तेवढ्या वेळात तो आमची नवी पानं वाचून गेला असता.

मग उपाय काय? पहिला उपाय अगदी सोपा, त्याला पैसे लागत नाहीत. चारांतला एक पत्ता आपला प्रमाण पत्ता म्हणून ठरवायचा आणि मग सगळीकडे, भिंतीवर, प्रगतिपुस्तकावर, संकेतस्थळाच्या आतल्या दुव्यांतही, तोच आणि तसाच लिहायचा. एचटीटीपीएस तर हवंच. राहिला प्रश्न डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यूचा. यावर मोठी माणसं तावातावानं भांडतात म्हणे! शोधयंत्राला त्यानं काही फरक पडत नाही. कुठलाही घ्या, पण एकच घ्या.

तुम्हाला ठाऊक आहे का, जगातल्या पहिल्या संकेतस्थळाच्या पत्त्यात डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू नव्हतंच! टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत १९९०च्या अखेरीस ते सुरू केलं, आणि त्याचा पत्ता होता 'इन्फो डॉट सर्न डॉट सीएच'. नंतर मोठ्या संस्थांत वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी यंत्रं असत. पत्रांच्या यंत्राचं नाव मेल, फायलींच्या यंत्राचं एफटीपी, आणि जाळ्यावरची पानं देणाऱ्या यंत्राचं डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू. ती नुसती एक सवय होती, ती पडली ती पडलीच.

दुसरा उपाय म्हणजे उरलेल्या तीन पाट्यांखाली बाण काढायचा. 'शाळा इकडे.' याला इंग्रजीत रीडायरेक्ट म्हणतात, मराठी विकिपीडियावर त्याला 'पुनर्निर्देशन' असा भारदस्त शब्द आहे. पोस्टात तुम्ही 'आम्ही घर बदललं, आमची पत्रं नव्या पत्त्यावर पाठवा' असा अर्ज देता ना, अगदी तेच.

आपण पत्ता टाईप केला की आपला ब्राउझर त्या घरच्या संगणकाला विचारतो, "अमुक पान आहे का?" तिकडून आधी तीन आकडी उत्तर येतं. आपल्याला ते सहसा दिसत नाही. २०० म्हणजे 'आहे, हे घ्या'. ४०४ म्हणजे 'असं इथं काही नाही'. हा ४०४ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. आणि ३०१ म्हणजे 'इथलं बिऱ्हाड कायमचं हललं, नवा पत्ता हा'. ब्राउझर निमूटपणे नव्या पत्त्यावर जातो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हे होतं. कोळ्याला ३०१ मिळालं की तो आपल्या सूचीत पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्याच्या शिफारशी नव्याच्या खात्यात मांडतो.

३०१ चा एक भाऊ आहे, ३०२. तो म्हणजे 'सध्यापुरतं तिकडं जा'. मागं आमच्या वर्गाचं छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हा आठवडाभर आम्ही मारुतीच्या देवळात बसत होतो. ते ३०२. तेवढ्यासाठी कुणी शाळेच्या दाखल्यावर 'मारुती मंदिर' असं लिहीत नाही. पण कायमचं घर बदलून जर ३०२ सांगितलं, तर कोळी बराच काळ जुनाच पत्ता धरून बसू शकतो. हे बिऱ्हाड कधी तरी परत येईल असं त्याला वाटतं बिचाऱ्याला.

खरं म्हणजे असे बाण आपल्याला नवे नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या पिंपळनेरला जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश संपादित केला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तो कधी ग्रंथालयात उघडून बघा. एखादा शब्द काढला की तिथं माहितीच नसते, नुसतं लिहिलेलं असतं, 'पहा' आणि पुढं दुसरा शब्द. म्हणजे छापील ३०१ च की! इंग्रजी विकिपीडियावर आजही 'बॉम्बे' शोधा, 'मुंबई'चं पान उघडतं आणि वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की तुम्ही बॉम्बेवरून इथं आलात. नाव १९९५ साली बदललं, पण जुन्या नावानं येणाऱ्याला दारातून परत पाठवलेलं नाही.

आपल्या धुळ्यावरून दोन मोठे रस्ते जातात. मुंबई-आग्रा तो राष्ट्रीय महामार्ग ३ आणि सुरत-नागपूरकडचा तो ६. देशभरच्या महामार्गांना २०१० साली नवे क्रमांक ठरले, आणि आता नाशिककडं ६०, शिरपूरकडं ५२, आणि तो सहा नंबर झाला ५३. पण माझे वडील अजून 'तीन नंबर हायवे'च म्हणतात! आमच्या घरी त्यांच्यासाठी मी ३०१ चं काम करते. स्टेशनचंही तसंच. रेल्वेच्या तिकिटावर धुळ्याची खूण डी, एच, आय अशी आहे. आता धुळे या शब्दात तो शेवटचा 'आय' कुठून आला असेल? गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आठवा म्हणजे कळेल.

हं, तर आमच्या शाळेचे बाण. पुण्याच्या पोरानं फोनवर सगळं नीट समजावलं होतं, पण मला कुठली घाई झाली होती देव जाणे. शनिवारी दुपारी मी आणि त्या हौशी पालकांनी मिळून बाण लावले. झालं असं की त्यांनी डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यूवरून बिनडब्ल्यूकडे बाण लावला, आणि मी, ते झालंय हे माहीत नसल्यानं, बिनडब्ल्यूवरून डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यूकडे! एका खिडकीवरचा कारकून म्हणतो तिकडं जा, तिकडचा म्हणतो इकडं जा. ब्राउझर थोडा वेळ हेलपाटे घालून दमतो आणि 'फार वेळा फिरवलंत' असा निरोप देऊन गप्प बसतो. पूर्ण रविवार शाळेचं संकेतस्थळ बंद! सोमवारी पोरांनी मला चांगलंच चिडवलं.

त्याच दिवशी आणखी एक शिकले. बाणाला बाण, त्याला बाण, अशी साखळी करू नये. गूगलचा कोळी दहा उड्यांपर्यंत माग काढतो आणि मग सोडून देतो. पहिल्या पाटीवरूनच थेट शेवटच्या घराकडे बाण हवा. आणि जुन्या पानाचा बाण त्याच्याच नव्या पानाकडे हवा. सगळेच बाण मुखपृष्ठाकडे वळवले तर काय होईल? सगळ्या मुलांची पत्रं मुख्याध्यापकांच्या टेबलावर टाकल्यासारखं. पत्र शाळेत आलं खरं, पण ज्याचं त्याला मिळालं का?

काही पानं दोन पत्त्यांवर ठेवावीच लागतात, जसं वाचायचं एक आणि छापायचं एक. तिथं वाचकाला हलवायचं नसतं. मग पानाच्या डोक्यात, आपल्याला न दिसणारी, फक्त कोळ्यानं वाचायची चिठ्ठी ठेवतात, 'माझा खरा पत्ता अमुक'. तिला कॅनॉनिकल खूण म्हणतात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून २००९ साली ती सुरू केली. ती विनंती आहे, हुकूम नाही. पूर्वी गूगलच्या संकेतस्थळचालकांच्या खात्यात 'माझा आवडता पत्ता हा' असं नुसतं सांगायचीही सोय होती. ती २०१९ साली काढून टाकली, तेव्हा जुन्या पुस्तकात वाचून ती शोधत बसू नका. मी एक संध्याकाळ त्यात घालवली आहे.

चार पाट्यांचं असं निस्तरलं. पण ती पहिली भानगड? घर बदललं आणि पोस्टात कळवलं नाही, ती?

तिला औषध नव्हतं. कारण बाण जुन्या घराच्या दारावर लावायचा असतो, आणि ते घर आमचं कधी नव्हतंच. कंपनीची जागा, कंपनीनं पाडली. जुन्या दुव्यावर आता कुणी उत्तर द्यायलाच नाही, ३०१ नाही आणि ४०४ सुद्धा नाही. सेवा चालू होती तेव्हाच थोडी खटपट केली असती तर निदान प्रत्येक पानावर 'आम्ही तिकडं गेलो' असं लिहून ठेवता आलं असतं. नाही केली.

मग पुण्याच्या पोरानं 'वेबॅक मशीन' उघडलं. अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह नावाची एक संस्था आहे. ती १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या कुणालाही फुकट बघता येतात. मेलेला पत्ता तिथं टाकायचा, आणि त्या दिवशी त्यांचा कोळी तिथून गेला असेल तर प्रत मिळते. आमचा लांबलचक पत्ता टाकला. काही पानं मिळाली, काही नाही. आजीच्या पानाची प्रत मिळाली! तेवीसच्या तेवीस शब्द, मुलीच्या अक्षरातल्या वहीचा फोटो, सगळं. ध्वनिमुद्रणं मात्र त्यात साठवली गेली नव्हती. शाळेच्या संगणकावरची मूळ फाईल आम्ही दोन दिवस शोधली. शेवटी दोनच आवाज मिळाले, ते माझ्या जुन्या फोनमध्ये, कारण तिनं ते आधी मला पाठवून 'बाई, असं चालेल का' म्हणून विचारलं होतं.

नवं पान आम्ही शाळेच्या स्वतःच्या पत्त्यावर उभं केलं, त्या दोन आवाजांसह, आणि सुरतेला कळवलं. तिचा फोन आला तेव्हा ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाई, कोंबडा पण आहे यात."

पालकांसाठी दोन शब्द. स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेतला म्हणजे तो जन्माचा होत नाही, दरवर्षी किंवा काही वर्षांनी भाडं भरावं लागतं. नाव बदललं, नवा पत्ता घेतला, की जुन्याचं भाडं कोण भरतो! माझ्या ओळखीच्या एका संस्थेनं असंच केलं. जुना पत्ता सुटला, तो भलत्याच कुणी उचलला, आणि मुलांच्या प्रमाणपत्रावर छापलेल्या त्या पत्त्यावर आज पैसे लावून पत्ते खेळायच्या जाहिराती दिसतात. प्रमाणपत्रं घरोघरी फ्रेममध्ये आहेत, ती परत कशी मागवणार? गूगल सांगतं की बाण निदान वर्षभर तरी ठेवा. मी म्हणेन, जुना पत्ता कुठं छापलेला असेल तर बाण काढूच नका, भाडं भरत राहा.

त्यापेक्षा शहाणपणाची वाट म्हणजे पत्ता बदलूच नये. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. पण संकेतस्थळाचा पत्ता 'एनएमयू'वालाच राहिला. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव लागलं, पत्ता मात्र 'युनिपुणे'च. नाव मोठं झालं, पण हजारो पुस्तकांत, अर्जांत छापलेले दुवे मोडले नाहीत. उलट ट्विटरनं नाव बदललं आणि २०२४ मध्ये पत्ताही 'एक्स डॉट कॉम' केला, पण जुन्या दुव्यांना बाण लावूनच.

आता घरी करून बघा, मोठ्यांना शेजारी बसवून. ब्राउझरमध्ये नुसतं 'विकिपीडिया डॉट ओआरजी' टाईप करा, पुढं काही न लावता. पान उघडलं की वरच्या पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघा. काही ब्राउझर जागा वाचवायला डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लपवून ठेवतात, म्हणून एकदा बोट लावून भागलं नाही तर दुसऱ्यांदा लावा. तुम्ही लिहिलं काय आणि पोचलात कुठं? मग तुमच्या शाळेचा, ग्रामपंचायतीचा, ग्रंथालयाचा पत्ता चारही प्रकारांनी टाकून बघा. चारही वेळा शेवटी पट्टीवर एकच पत्ता दिसला तर कुणीतरी काम नीट केलंय. वेगवेगळे दिसले तर आपल्या सरांना, बाईंना सांगा. आणि गावाचं नाव तुमच्या बोलीत, हिंदीत आणि इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात तेही वहीत उतरवा. पिंपळनेर, शिरपूर, अमळनेर, पारोळा, कुठलंही चालेल. सापडलेल्या तऱ्हा मला पत्रानं कळवा, पिनकोड लिहायला विसरू नका.

आमच्या भिंतीवरचा तो ऑइलपेंटचा पत्ता अजून तसाच आहे. भिंतीला ३०१ लावता येत नाही. पोरांनी सध्या त्याच्यावर पुठ्ठ्याचा एक बाण चिकटवलाय, तो पावसानं दोनदा पडला. रंगारी दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणालाय.